गादीच्या पलीकडचा

“सुनेच्या नवऱ्याला काय म्हणायचं हो, ताई?”

गादीवालीने मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी हसून म्हणाले, “मुलगा. दुसरं काय?” मला वाटले, ती कोडे घालते आहे. ती हसली नाही. दुकानाच्या मधोमध एक गादी कडेवर उभी केलेली होती. तिच्या पलीकडून दोरा ओढल्याचा सरसर आवाज येत होता, तो थांबला. मग माझ्या ध्यानात आले, की गादीवालीचा मुलगा चार वर्षांपूर्वीच तापाने गेला होता, आणि गादीच्या पलीकडे उभी होती ती त्याची बायको.

नात्यांच्या शब्दांचा अभ्यास करायला म्हणून मी त्या गल्लीत जात असे. आपली भाषा या बाबतीत सढळ हाताची आहे. नवऱ्याच्या भावाची बायको ती जाऊ, मुलाचा सासरा तो व्याही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यासाठीसुद्धा तिने ‘साडू’ हा स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. मात्र विधवा सुनेने दुसरे लग्न केले, तर तो दुसरा नवरा पहिल्या सासूचा कोण, याविषयी ती चकार शब्द काढत नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. असा प्रसंग आलाच तर ती सून मुळी सूनच उरणार नाही, उंबरठा ओलांडून जाईल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असे भाषेने गृहीत धरलेले असते.

गादीवालीला तो तसा मिटायला नको होता. सुनेचे लग्न व्हावे, असे तिला मनापासून वाटत होते. सून आणि नात या घरातून जाऊ नयेत, असेही तितक्याच मनापासून वाटत होते. या दोन इच्छा एका घरात कशा नांदवायच्या, ते तिला उमगत नव्हते, आणि ज्या शब्दाचा आधार घेऊन कोणाला काही मागावे तो शब्दही तिच्यापाशी नव्हता.

तिचे दुकान म्हणजे रस्त्याच्या पातळीवरची एक लांबट खोली. दाराशी कापूस पिंजायचे यंत्र, मागे मोकळी जमीन, कोपऱ्यातून वर जाणारा लाकडी जिना. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकाची जागा. यंत्र सुरू झाले की खोलीत धुके पसरत असे. कापसाचे तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगत, हळूहळू खाली येत, आणि कोणी दारातून आत आले की पुन्हा वर उठत. गादीवालीच्या भुवया कायम पांढऱ्या. ती मोठ्याने बोलत नसे, आणि त्या खोलीत मोठ्याने बोलून उपयोगही नव्हता. भिंतींना टेकून ठेवलेल्या गाद्या आवाज पिऊन टाकत. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर आत पोहोचेपर्यंत कुठल्या तरी दूरच्या पाण्याची गाज होऊन जाई.

त्या दुकानात आलेल्या माणसाला झोप येत असे. हा माझा एकटीचा अनुभव नाही. गादी न्यायला आलेले गिऱ्हाईक बाकड्यावर टेकले, की जरा वेळाने त्याची मान कलंडे. गादीवालीचे त्यावर एक स्पष्टीकरण होते, आणि ते ती अगदी गंभीरपणे सांगे.

“माणूस झोपतो ती सगळी झोप काय त्याच्या अंगात जात नाही. थोडी गादीत उरते. वर्षानुवर्षं साठत जाते. मग आम्ही पिंजायला घेतलं की मोकळी होते. ती कुठं जाईल? जो जवळ असेल त्याच्या डोळ्यांवर बसते.”

“मग तुम्हाला कशी झोप लागत नाही?”

“हलवायाला गोड खावंसं वाटतं का?”

जुनी गादी उलगडताना ती तिच्यावरून तळवा फिरवी. कापूस कुठे दबला आहे, कुठे उंच राहिला आहे, यावरून तिला त्या घरातली माणसे दिसत. कोण भिंतीकडे सरकून झोपते, कोणाच्या कुशीत मूल असते, कोणी एकमेकांकडे पाठ केली आहे. हे ती बाहेर बोलत नसे. “दुसऱ्याच्या झोपेत डोकवायचं नसतं,” असे म्हणून ती खोळ उसवायला घेई. दोन घरांचा कापूस ती कधी एकत्र होऊ देत नसे. एका घरातली भावंडे वेगळी झाली, तर जुन्या मोठ्या गादीचे दोन भाग करून देई. कोणाचा संसार सुरू झाला, तर आधीच्या दोन लहान गाद्यांची एक मोठी करून देई. मी ज्याला कुटुंबाचे विभाजन आणि विस्तार म्हणत असे, ते तिच्या जमिनीवर ढिगाऱ्यांच्या रूपाने पडलेले असे.

गादीला टाके घालायची या घराची रीत वेगळी होती. इतर ठिकाणी गादी जमिनीवर पसरून एकच माणूस टाके घालतो. इथे भरलेली गादी लाकडी चौकटीत उभी करीत, आणि दोन बाजूंना दोघे उभे राहत. हातभर लांबीची सुई एका बाजूने आत जायची, दुसऱ्या बाजूच्या माणसाने ती ओढून घ्यायची, दोरा ताणायचा, आणि शेजारून परत पाठवायची. गादी उंच असल्याने दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नसे. ‘घे’ असे अलीकडून म्हणायचे, ‘आली’ असे पलीकडून उत्तर यायचे. गादीवाली या घरात नवी आली तेव्हा तिची सासू अलीकडे उभी असे आणि ती पलीकडे. सासू गेल्यावर नवरा, नवरा गेल्यावर मुलगा, आणि मुलगा गेल्यावर सून. अलीकडची व्यक्ती आता तीच होती, आणि पलीकडे जो असेल त्याला ती नावाने हाक मारीत नसे. “ए पलीकडचे, दोरा संपत आलाय,” अशी तिची बोलण्याची पद्धत. सून चार वर्षांपासून पलीकडची होती.

सुनेला आई-वडील नव्हते. एका मामाने वाढवले, लग्न लावून दिले आणि हात झटकले. तिला एक मुलगी, तेव्हा सात वर्षांची. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून आजीने तिला ‘बोंडी’ म्हटले, तेच नाव पडले. बोंडी शाळेतून आली की जिथे जागा सापडेल तिथे, कापसाच्या ढिगावर, गुंडाळीवर, बाकड्याखाली झोपी जाई. तिला शोधणे हे त्या घरातले रोजचे काम होते.

या घरात सुतार आला तो मापे घेऊन. तो पलंग करीत असे, पण ठरावीक मापाचे नव्हेत. ज्याच्या घरात जशी जागा तसा पलंग: एखादा भिंतीच्या कोनात बसणारा, एखादा पायाकडे निमुळता. अशा पलंगांना तयार गादी चालत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याला इथे यावे लागे. समोरच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करणारी बाई होती. जगात काय चालले आहे ते तिला कपड्यांच्या सुरकुत्यांवरून कळत असावे.

“सुतारदादा,” ती रस्त्यापलीकडून हाक मारी, “तुमचे पलंग दिवसेंदिवस फार वाकडे व्हायला लागलेत हो!”

“गिऱ्हाइकांच्या खोल्याच वाकड्या, त्याला मी काय करू?”

“खोल्या वाकड्या की तुमची वाट वाकडी?”

सुतार कानापर्यंत लाल होई. चाळिशीला आलेला, अविवाहित, बोलायला जरा अडखळणारा माणूस. तो गादीवालीला ‘मावशी’ म्हणत असे, सुनेला काहीच म्हणत नसे, आणि बोंडीसाठी लाकडाच्या ढलप्यांचे पक्षी करून आणी.

एके दुपारी त्याने मावशीला एकटे गाठून सुनेविषयी विचारले. ती म्हणाली, “मला काय विचारतोस? मी काय तिची आई आहे?” आणि मग तिला स्वतःच्याच बोलण्याचे आश्चर्य वाटले, कारण विचारण्याजोगे दुसरे कोणी नव्हतेच.

तिने सुनेला कसे विचारले, हे मला दोघींनी वेगवेगळे सांगितले आहे. दोन्ही कथने जुळतात. उभी गादी मध्ये होती. गादीवालीने सुई आत घातली आणि म्हणाली, “घे. सुतार विचारतोय.”

पलीकडून ‘आली’ आले नाही. सुईचे टोक अर्धवट पलीकडे गेले होते आणि मागचा भाग अजून तिच्या बोटांत होता. कोणी ओढत नव्हते.

“काय विचारतोय?” सून म्हणाली.

“माप.”

“आई, चेष्टा नको.”

“चेष्टा करायला मला तुझं तोंड तरी दिसतंय का? तो बरा माणूस आहे. बोंडी त्याच्या खांद्यावर बसते.”

“बोंडी कोणाच्याही खांद्यावर बसते.”

“तू सांग तुझं.”

यंत्र बंद होते. तंतू खाली बसत होते. मग पलीकडून अगदी बारीक आवाजात विचारणा झाली, “मी गेले तर पलीकडे कोण?”

“ते मी बघेन.”

“आणि लग्नात माझ्या बाजूनं कोण उभं राहील? मामा येणार नाही.”

“मी राहीन.”

“तुम्ही माझ्या सासू आहात.”

“मग काय झालं? एवढी वर्षं सासू होते, एक दिवस आई होते.”

यावर सून हसली की रडली, याबद्दल मात्र दोघींचे एकमत नाही. सुई हलली, ओढली गेली, आणि दोरा इतका ताणला गेला की गादीवर एक खोल खळी पडली. ती गादी ज्यांच्याकडे गेली त्यांनी त्या खळीबद्दल पुढे तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

याच सुमारास तिने मला तो प्रश्न विचारला होता.

सुताराला आई होती. ती बोंडीच्याच शाळेत घंटा वाजवण्याचे काम करीत असे, आणि मुले तिला घंटाबाई म्हणत. दोन गल्ल्या सोडून, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर मायलेक राहत. वर जायला वळणाचा अरुंद जिना होता, त्याच्या दोन पायऱ्या खिळखिळ्या झालेल्या. घंटाबाई ताठ चालणारी, नेमके बोलणारी बाई. आयुष्यभर दुसऱ्यांचा वेळ तोडून देण्याचे काम केल्यामुळे तिची वाक्येही तोडून दिल्यासारखी असत. ती दुकानात आली, बाकड्यावर बसली नाही.

“तुम्हाला विहीणबाई म्हणावं, तर म्हणता येत नाही,” ती म्हणाली. “विहीण म्हणजे मुलीची आई नाहीतर मुलाची आई. तुम्ही दोन्ही नाही.”

“खरं आहे,” गादीवाली म्हणाली.

“माझा लग्नाला विरोध नाही. मुलगी चांगली आहे. बोंडी आमच्या शाळेतली, तिला मी ओळखते. पण माझा मुलगा इथं येऊन राहणार नाही. घरजावई म्हणवून घ्यायलाही आधी कोणाची तरी लेक लागते.”

“तेही खरं आहे.”

“दोघी आमच्याकडे येतील. तुमचं येणं-जाणं राहीलच. मी काही तोडून टाका म्हणत नाही.”

“नाही, तुम्ही कशाला तसं म्हणाल.”

सगळ्याला होकार मिळत गेल्यामुळे घंटाबाई जराशी गोंधळली. तिने भांडणाची तयारी करून आणली होती, ती तशीच पदरात राहिली. बोंडी तेवढ्यात बाकड्याखालून बाहेर आली. केसांत कापूस.

“घंटाबाई, आता तुम्ही माझ्या कोण?”

“आजी.”

“आजी आहे मला.”

“मग दुसरी आजी.”

“दुसरी आईची आई असते. ती देवाघरी गेली.”

“मग तिसरी,” घंटाबाई म्हणाली, आणि घंटा दिल्यासारखा तो विषय संपवून निघून गेली. बोंडी मात्र कितीतरी वेळ बोटे मोजत बसली होती.

गादीवालीने एकच सवलत मागितली होती: लग्नाची गादी आपण करून देऊ. वरच्या खोलीत मुलाची आणि सुनेची मोठी गादी होती. मुलगा गेल्यापासून ती उसवलेली नव्हती. सून आणि बोंडी तिच्या एका बाजूला झोपत, दुसरी बाजू तशीच रिकामी राही. गादीवालीने ठरवले, की या गादीचे दोन भाग करायचे. सुनेच्या बाजूचा कापूस सुनेबरोबर जाईल. मुलाच्या बाजूचा कापूस इथे राहील, त्याची एक लहान गादी होईल, आणि तिच्यावर ती स्वतः झोपेल. कोणी काही नेले नाही आणि कोणी काही गमावले नाही, असा तो हिशेब होता. निदान तिला तो तसा वाटत होता.

ती दुपार मला आठवते. गादी जमिनीवर पसरली होती. गादीवाली गुडघ्यांवर बसून तळवा फिरवत होती, नेहमीपेक्षा सावकाश. एका बाजूला तिचा हात थांबला. तिथे खांद्याएवढा एक खोलगट भाग होता. चार वर्षे त्यावर कोणी झोपले नव्हते, तरी तो भरून आलेला नव्हता. तिने खोळ उसवली आणि कापूस ओंजळी-ओंजळींनी काढून ढीग केले: एक भिंतीकडचा, मुलाचा, एक खिडकीकडचा, सुनेचा. मग तिच्या लक्षात आले, की मध्ये जो कापूस उरतो आहे, जिथे बोंडी लहानपणी दोघांच्या मध्ये झोपत असे, तो कुठल्याच ढिगात टाकता येत नाही. तिने त्याचा तिसरा ढीग केला. तिन्हींकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, मी खोळीचं कापड घेऊन येते,” आणि जिना चढून वर गेली. सून वर स्वयंपाक करीत होती.

मी बाकड्यावर होते. त्या दुकानाचा परिणाम माझ्यावर झालाच होता. डोळे उघडे होते, पण आत काही पोहोचत नव्हते. सुतार आलेला मला दिसला. त्याने ढीग बघितले, यंत्राकडे बघितले. भला माणूस. त्याला वाटले, या दोघी बायका आपल्याच लग्नासाठी एवढे राबताहेत, आपण काही हातभार लावावा. यंत्र सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तो कुठल्या तरी स्वप्नातला आहे असे वाटले. खोलीत धुके पसरू लागले. धुक्यातून सुतार ओणवा होऊन कापूस उचलत होता आणि यंत्रात सोडत होता: भिंतीकडचा, खिडकीकडचा, मधला. यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून एकच पांढरा ढग बाहेर पडत होता आणि फुगत फुगत जमीनभर पसरत होता.

जिन्याच्या खालच्या पायरीवर गादीवाली उभी होती, हातात कापड. तिच्यामागे सून.

“मावशी!” सुतार आनंदाने म्हणाला. त्याच्याही भुवया आता पांढऱ्या झाल्या होत्या. “तुमचं काम हलकं केलं. सगळं पिंजून झालं.”

त्याने सुनेच्या तोंडाकडे बघितले आणि यंत्राचे बटण बंद केले.

“काय झालं?”

“ते वेगळे होते,” सून म्हणाली. “ढीग. एक त्यांचा होता.”

‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, हे त्याला सांगावे लागले नाही. तो खाली बसला आणि त्या ढगात हात घालून काहीतरी शोधू लागला. इकडचा मूठभर कापूस तो तिकडे ठेवी, मग तिकडचा पुन्हा उचलून उजेडात धरी. त्याचे ओठ हलत होते. एका सुताराला एवढे निराधार झालेले मी बघितलेले नाही. लाकडाला निदान रेषा असतात.

गादीवाली खाली आली आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली. तिने कापसात तळवा ठेवला, जुन्या गादीवरून फिरवत असे तसा फिरवला. आता तिथे उंचसखल काहीच नव्हते. सगळीकडे सारखे, हलके, किंचित गरम.

“ऊठ,” ती म्हणाली. “पिंजल्यावर कापसाला बाजू राहत नाही रे.”

“मला माहीत नव्हतं, मावशी.”

“तुला कुठनं माहीत असणार? ऊठ.”

“मी आता काय करू?”

तिने जरा विचार केला. सून जिन्यावर बसली होती, डोळ्यांना पदर लावून.

“पलीकडे उभा राहा,” गादीवाली म्हणाली.

त्या कापसाच्या दोन गाद्या भरल्या गेल्या, एक मोठी, एक लहान. पहिली चौकटीत उभी केली. सुतार पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

“घे.”

सुईचे टोक पलीकडे निघाले.

“अरे, ‘आली’ म्हणायचं!”

“आली, आली!”

“एकदाच म्हण. आता ओढ. सैल, सैल! खिळा नाही ठोकायचाय.”

“आता?”

“आता शेजारून परत दे. मला टोचू नकोस.”

जिन्यावरून एक हुंदका आला, आणि त्या हुंदक्याचे मध्येच हसू झाले. “आई, त्याला सांगा, दोरा बोटाला गुंडाळून घे म्हणावं.”

“ए पलीकडच्या,” गादीवाली म्हणाली, “ऐकलंस का ती काय म्हणते ते?”

तिने ती हाक ठरवून मारली नव्हती. गादीपलीकडे जो असेल त्याला ती तसेच म्हणत आली होती. मला मात्र त्या क्षणी जाग आल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी घंटाबाई गादी न्यायला आली. शाळा लवकर सुटली होती. झाला प्रकार तिला मुलाने सांगितलेला होता. ती दोन्ही गाद्यांसमोर उभी राहिली.

“यातली आमची कुठली?”

“मोठी तुमची,” गादीवाली म्हणाली. “पण तुमची म्हणजे काय, ते मलाच आता सांगता येत नाही. दोन्हीत तिघंही आहेत. माझा मुलगा तुमच्या घरी येतोय, आणि सून माझ्याकडे राहतेय.”

घंटाबाईने वाकून गादी दाबली. “कापूस नीट बसलाय का बघते,” असे पुटपुटत ती कडेला टेकली. मग जरा मागे सरकली. बोंडी शाळेचे कपडे न बदलताच तिच्या पाठीशी येऊन आडवी झाली. सुनेने चहा करून आणला तोपर्यंत घंटाबाई झोपलेली होती; ताठ पाठ वळलेली, चपला अजून पायांत.

तिला कोणी उठवले नाही. दुपार कलली, दारातले ऊन यंत्रावरून भिंतीवर चढले आणि विरून गेले. सुतार येऊन बाकड्यावर बसला. इस्त्रीवाली डोकावून गेली आणि पुन्हा आली. गादीवाली एका उशीला अभ्रा घालत होती आणि तो घालून झाला तरी घालतच होती.

घंटाबाई उठली तेव्हा बाहेर दिवे लागत होते. आपण कुठे आहोत, हे तिला चटकन उमगले नाही. पाठीशी मूल होते, त्याच्या अंगावर तिने हात ठेवला.

“स्वप्न पडलं,” ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. “शाळा भरली होती आणि माझ्या हातात घंटा नव्हती. मी शोधतेय, शोधतेय. आणि पोरं आपली आपली येत होती, जात होती. कोणाचं काही अडलं नव्हतं.”

मग तिने केस सारखे केले, उभी राहिली आणि पुन्हा घंटाबाई झाली.

“ही गादी आमच्याकडे जायची नाही,” ती म्हणाली.

गादीवालीच्या हातातली उशी खाली आली. “का? काही वाईट...”

“गादी चांगली आहे. जिना वाईट आहे. अरुंद, त्यात वळण, त्यात दोन पायऱ्या गेलेल्या. एवढी मोठी गादी वळणावर अडणार.”

“आई,” सुतार म्हणाला, “जिना काय, मी दोन दिवसांत...”

“तू गप्प बस. दुरुस्त होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गादी इथंच राहू दे.” ती गादीवालीकडे वळली. “आणि गादी इथं, तर झोपणारे तिथं कशाला? मी काय सुनेला जमिनीवर झोपवू?”

“पण गादी दुमडता येते की!” दारातून इस्त्रीवाली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितले. घंटाबाईने तर अशा नजरेने बघितले, की उशिरा आलेली पोरेही घराकडे परत फिरली असती.

“इस्त्री तापली असेल माझी,” असे म्हणून इस्त्रीवाली रस्ता ओलांडून गेली.

लग्न साधेपणाने झाले. गादीवाली सुनेच्या बाजूने उभी राहिली. पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारले, आपण मुलीच्या कोण. ती म्हणाली, “सासू.” विचारणाऱ्याने मान डोलावली आणि मग त्याची मान मध्येच थांबली. त्यानंतर सुतार या घरात राहायला आला, आणि गल्लीला दिलेले कारण एकच होते: जिना दुरुस्त व्हायचा आहे. घरजावई म्हणायची कोणाला सोय राहिली नाही. ज्याचे घर दुरुस्तीत असते त्याला कोणी घरजावई म्हणत नाही.

त्या गल्लीतल्या घरांचे, माणसांचे, वेगळे होण्याचे आणि एकत्र येण्याचे मी पुढे पुष्कळ लिहिले. सुताराने त्या काळात गल्लीतल्या बऱ्याच घरांचे जिने दुरुस्त केले, चौकटी बसवल्या, एका शाळेची बाके केली. आईच्या जिन्याचा विषय निघाला, की तो म्हणे, “त्याला जुनं लाकूड हवं, तसं मिळत नाहीये.” आई म्हणे, “घाई कसली आहे?” त्याला मुलगा झाला. तो मुलगा गादीवालीला आजी म्हणू लागला आणि घंटाबाईला तिसरी आजी, कारण त्याच्या ताईने त्याला तसेच शिकवले होते. पहिली आणि दुसरी कोण, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

गिऱ्हाइकांना गादीवाली सुताराची ओळख करून देत असे ती “हा आमचा पलीकडचा” अशी. नवख्या माणसाला वाटे, हा रस्त्याच्या पलीकडे राहतो. गल्लीतली माणसे मात्र तो शब्द नात्यासारखाच वापरू लागली. एकदा समोरच्या इस्त्रीवालीच्या तोंडून मी ऐकले, “गादीवालीला काय कमी आहे? सून आहे, नातवंडं आहेत, पलीकडचा आहे.”

घंटाबाई नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा चार दिवस नातवाजवळ म्हणून दुकानावरच्या खोलीत राहायला आली. तिला गादीवालीच्या खोलीत, त्या लहान गादीशेजारी जागा करून दिली. चार दिवसांनी गादीवाली म्हणाली, “तुमचा तो जिना चढवेल का तुम्हाला आता?” घंटाबाई म्हणाली, “तेच बघतेय.” पुढे गादीवालीचे गुडघे गेले, आणि टाके घालताना अलीकडे सून उभी राहू लागली. दोघी म्हाताऱ्या दुपारी बाकड्यावर बसत, एकमेकींच्या खांद्यावर कलत, आणि कोणी आले की दोघी एकदमच म्हणत, “आम्ही जाग्याच आहोत.”

सुताराने आईच्या घराचा तो जिना २०११ साली दुरुस्त केला. त्या वेळी वरच्या मजल्यावर कोणी राहत नव्हते.